परतीचा दोर

गेल्या हिवाळी सुट्टीत आमच्या गिर्यारोहण मंडळाचे सहा जण सह्याद्रीतल्या एका सुळक्यावर गेले होते. दोरावर दोघेच होते. बाकीचे चौघे पायथ्याशी. माथा अवघा चाळीस फूट उरला असताना ते दोघे परत फिरले. आघाडीच्या गड्याच्या अंगात अजून बळ होते. परंतु खाली दोर सांभाळणाऱ्याच्या हातांना पेटके येऊ लागले होते, आणि त्याने ते न लपवता सांगितले. आघाडीच्या गड्याने एकवार वर पाहिले, मेखेत दोर अडकवला आणि तो उतरू लागला. कॉलेज सुरू झाल्यावर मंडळाच्या वहीत नोंद झाली : "माथा गाठता आला नाही." कँटीनमध्ये कोणीतरी थट्टेने म्हणाले, "सूर्याजीसारखा दोर कापून टाकायला हवा होता, म्हणजे झक मारत वर गेले असते!" सगळे हसले. ते दोघेही हसले, पण त्यानंतर मंडळाच्या दोन बैठकांना त्यांच्यापैकी एकही आला नाही.

ही थट्टा माझ्या मनातून जाईना. १६७० साली सिंहगडाच्या स्वारीत तानाजी मालुसरे पडल्यावर मावळे कड्याकडे पळू लागले, तेव्हा सूर्याजीने 'दोर केव्हाच कापले आहेत' असे सांगून त्यांना माघारी वळवले, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत शौर्याचे दुसरे नाव होऊन बसला आहे. परंतु दोर हा चढण्यासाठी असतो की परतण्यासाठी? आणि तो कापण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नांचा शोध घेताना माझ्या वाचनात अमेरिकेतील एका कड्याचा इतिहास आला. एकाच कड्यावर अनेक दिवस आणि अनेक रात्री काढून केलेल्या चढायांचा हा इतिहास आहे. तो मंडळातील मित्रांपुढे आणि इतर वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

भिंत म्हणजे काय?

कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत 'एल कॅपिटन' नावाचा एक कडा आहे. स्पॅनिश भाषेतील या नावाचा अर्थ सरदार किंवा नायक असा होतो. त्याची उंची पायथ्यापासून सुमारे ३,००० फूट भरते. दिल्लीचे कुतुबमिनार एकावर एक असे बारा रचले, तर ते साधारण या कड्याच्या माथ्याशी पोहोचतील. आणि ही उंची उताराची नव्हे, जवळजवळ उभ्या कातळाची आहे.

आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला. म्हणून आपल्या कड्यांना मधूनमधून आडवे टप्पे असतात. त्यांवर गवत उगवते, माती साठते, कोठे कोठे माणसाला बसण्यापुरती जागाही सापडते. एल कॅपिटनची गोष्ट निराळी. तो ग्रॅनाइटचा आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोलवर तप्त रस हळूहळू थंड होऊन हा खडक बनला, पुढे वरचे आवरण झिजून गेले आणि हिमनद्यांनी दरी खरवडून काढली. या ग्रॅनाइटला आडवे थर नाहीत. त्यात आहेत त्या उभ्या भेगा. काही बोटभर रुंद, काही मुठीएवढ्या, तर काहींत अख्खा माणूस शिरेल. दोन भेगांच्या मध्ये शेकडो फूट गुळगुळीत कातळ असतो. असा कडा सहसा एका दिवसात चढून होत नाही. त्यावर राहावे लागते. म्हणूनच प्रस्तरारोहणाच्या भाषेत अशा कड्यास साधा कडा न म्हणता 'मोठी भिंत' असे म्हणतात.

दोराचे शास्त्र

ज्यांनी कधी दोर हाताळला नाही अशा वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देणे अवश्य आहे. दोर माणसाला वर ओढण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. आघाडीचा गडी आपल्या हातापायांनी चढतो आणि जाताना भेगेत मेखा ठोकतो. प्रत्येक मेखेत एक कडी अडकवून तिच्यातून तो आपला दोर ओवत नेतो. खाली त्याचा सोबती स्वतःला कातळाशी बांधून तो दोर हळूहळू सोडत असतो. आघाडीचा गडी शेवटच्या मेखेच्या वर दहा फूट असताना निसटला, तर तो दहा फूट मेखेपर्यंत आणि दहा फूट मेखेच्या खाली असा एकूण वीस फूट पडेल. दोर ताणला जाईल तितका आणखी. या पडण्याचा सगळा हिसका अखेर खालच्या सोबत्याकडे येतो. त्याने त्या क्षणी दोर अडवला तर आघाडीचा गडी वाचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर आले. ते ताणले जाऊन हिसका सोसतात, त्यामुळे पडलेल्या माणसाचे वाचणे पूर्वीपेक्षा पुष्कळच शक्य झाले. तरीही दोर अडवणारा हात लागतोच.

एका दोराच्या लांबीइतकी, म्हणजे साधारण दीडशे फुटांची चढाई झाली की एक टप्पा पुरा होतो. आघाडीचा गडी तेथे दोर पक्का बांधतो. मागचा त्याच दोराने वर येतो आणि येताना ठोकलेल्या मेखा काढून आणतो. पूर्वी यासाठी दोराला प्रुसिकच्या सरकत्या गाठी मारीत. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये 'जुमार' हे दोर घट्ट धरणारे साधन निघाले. ते वर सरकते पण खाली घसरत नाही. मागचा येईतो आघाडीचा गडी सामानाची पिशवी कप्पीवरून वर ओढतो. मोठ्या भिंतीवरचे खरे कष्ट चढण्यापेक्षा या ओढण्यात असतात, असे अनेक अनुभवी आरोहक सांगतात.

यामागे पाण्याचा साधा हिशेब आहे. भिंतीवर झरा नसतो. माणशी दररोज दोन लिटर पाणी धरले, तर तीन माणसांना सहा दिवसांसाठी छत्तीस लिटर लागेल. म्हणजे केवळ पाण्याचेच वजन छत्तीस किलो झाले. त्यात अन्न, पांघरुणे, मेखा, हातोडे आणि दोर मिळवा. पाणी कमी घ्यावे तर तहानेने हातापायांत गोळे येतात. जास्त घ्यावे तर ओढण्यात दिवस जातो, आणि वाढलेल्या दिवसासाठी पुन्हा पाणी लागते! मोहिमेचे यशापयश पुष्कळदा पायथ्याशी बसून केलेल्या या त्रैराशिकावरच ठरते.

या दरीत बहुदिवसीय चढाईचा पाया घातला तो जॉन सालाथे या स्वित्झर्लंडहून आलेल्या लोहाराने. युरोपात मऊ लोखंडाच्या मेखा वापरीत. योसेमिटीच्या कठीण भेगांत त्या वाकून जात. सालाथेने आपल्या भट्टीत कणखर पोलादाच्या मेखा घडवल्या. १९४७ साली अँटन नेल्सन या सोबत्याबरोबर पाच दिवस कातळावर काढून त्याने 'लॉस्ट अॅरो' हा सुळका सर केला. म्हणजे या खेळाच्या मुळाशी भट्टी आणि ऐरण आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पंचेचाळीस दिवस

१९५७ च्या जून महिन्यात रॉयल रॉबिन्स, जेरी गॅलवास आणि माइक शेरिक या तिघांनी त्याच दरीतील 'हाफ डोम' या घुमटाची सुमारे २,००० फुटांची भिंत पाच दिवसांत चढून दाखवली. त्या भिंतीवर डोळा ठेवून असलेला वॉरन हार्डिंग हा तरुण त्यांचे अभिनंदन करण्यासाठी दुसऱ्या वाटेने माथ्यावर गेला होता. आपण मागे पडलो हे त्याच्या मनाला लागले असावे. त्याच जुलैमध्ये मार्क पॉवेल आणि बिल फ्युरर यांना बरोबर घेऊन त्याने एल कॅपिटनलाच हात घातला. त्यांनी निवडलेली वाट कड्याच्या मधोमध पुढे आलेल्या धारेवरची होती. त्या धारेला 'नोज' म्हणजे नाक असे नाव आहे.

एवढी भिंत एका दमात चढणे अशक्य, हे हार्डिंगने आधीच मान्य केले होते. म्हणून त्याने वेढ्याची पद्धत अवलंबिली. काही दिवस चढायचे, चढलेल्या भागावर दोर बांधून ठेवायचे, खाली उतरायचे, पुन्हा सुट्टी मिळाली की त्याच दोरांनी वर जाऊन पुढचा भाग चढायचा. एका ठिकाणी भेग इतकी रुंद निघाली की कोणतीच मेख तिच्यात बसेना. तेव्हा एका मित्राने भंगारातून जुन्या शेगड्यांचे पत्र्याचे पाय आणून दिले. ते ठोकून ही मंडळी वर गेली! त्या भेगेला आजही शेगडीच्या पायांची भेग असेच म्हणतात.

रस्त्यावरून जाणारे प्रवासी गाड्या थांबवून वर पाहत उभे राहू लागले, वाहतूक अडू लागली. तेव्हा उन्हाळी गर्दीच्या दिवसांत चढू नये, अशी अट उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी घातली. त्याच वर्षी दुसऱ्या एका चढाईत पॉवेलचा घोटा मोडला. पुढे फ्युररही मोहिमेतून बाजूला झाला. हार्डिंगने नवे सोबती जमवले. १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये तो, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर असे तिघे अखेरच्या चढाईला लागले. मध्ये वादळाने त्यांना अडकवले. शेवटी माथ्याजवळ पुढे झुकलेला, भेग नसलेला कातळ आला. हार्डिंगने डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात रात्रभर छिन्नीने छिद्रे पाडून अठ्ठावीस बोल्ट ठोकले आणि १२ नोव्हेंबर १९५८ च्या पहाटे तो माथ्यावर पोहोचला. पहिल्या दिवसापासून मोजले तर दीड वर्षात विखुरलेले एकूण पंचेचाळीस दिवस या कामी लागले होते.

माथ्यावर पोहोचलेली नावे तीन. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. पहिल्या तिघांपैकी दोघे माथ्यावर नव्हते. फ्युररला मित्र 'डोल्ट' म्हणत. भिंतीवर एक बुरुजासारखा टप्पा आहे. त्याचे नाव 'डोल्ट टॉवर' असे पडले, ते आजतागायत चालू आहे. जो माथ्यावर गेला नाही त्याचे नाव भिंतीने जपून ठेवले. त्या टप्प्यापर्यंतची वाट त्यानेही उघडली होती, याची ती नोंद आहे.

सात दिवसांचे उत्तर

हार्डिंगची ही चढाई सर्वांनाच पटली असे नाही. रॉयल रॉबिन्सचा आक्षेप असा की, पायथ्यापर्यंत दोर बांधलेला असेल तर साहसातील अनिश्चितता संपते. केव्हाही खाली यावे, विश्रांती घ्यावी, पुन्हा जावे. पुरेसे दिवस आणि पुरेसे दोर असले तर कोणतीही भिंत अशा रीतीने पडणारच. मग भिंत चढली असे म्हणण्यात अर्थ काय उरला? १९६० साली रॉबिन्स, जो फिट्शेन, चक प्रॅट आणि टॉम फ्रॉस्ट हे चौघे पाणी आणि अन्न बरोबर घेऊन त्याच नोजवर चढू लागले. मागे दोर न ठेवता, मध्ये खाली न येता त्यांनी ती सात दिवसांत पुरी केली. पुढच्याच वर्षी रॉबिन्स, प्रॅट आणि फ्रॉस्ट यांनी त्याच कड्यावर नवी वाट काढली आणि तिला सालाथेचे नाव दिले. तेथे त्यांनी खालच्या सुमारे एक तृतीयांश भागावर दोर बांधले होते. पण अखेरच्या चढाईला निघाल्यावर ते काढून खाली टाकून दिले. पुढचे दोन हजार फूट त्यांनी परतीच्या दोराविना काढले.

म्हणजे सूर्याजी तेथेही होताच! मग कँटीनमधली थट्टा खरी म्हणायची काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगणे हाच या लेखाचा गाभा आहे.

सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट सांगितली ती एकाने, आणि ती सर्वांसाठी. पळणाऱ्यांना विचारण्याची ती वेळ नव्हती. ते युद्ध होते, आणि कड्याच्या वर शत्रू होता. सालाथेच्या भिंतीवर दोर टाकले ते तिघांनी मिळून. प्रत्येकाला पाण्याचा हिशेब ठाऊक होता, प्रत्येकाने दुसऱ्याला आधीच्या चढायांत पारखलेले होते, आणि वर जाता येईल असे तिघांचेही मत होते. तिघांपैकी एकाने जरी 'माझे हात चालत नाहीत' असे म्हटले असते, तर दोर टाकलाच गेला नसता. दोर कापणे हे शौर्य खरे. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला न विचारता तो कापला, तर तो नुसता अविचार होय.

माघार केव्हा घ्यावी?

आणखी एक व्यावहारिक गोष्ट या इतिहासातून शिकता येते. भिंतीवरून माघार घेणे नेहमीच सारखे सोपे नसते. सरळ उभ्या भागावरून दोर दुहेरी करून टप्प्याटप्प्याने खाली येता येते. परंतु नोजवर मध्येच एक भेग संपते, आणि दुसरी पुष्कळ दूर बाजूला असते. तेथे आरोहक दोराला लोंबकळून घड्याळाच्या लंबकाप्रमाणे कातळावर धावत झोके घेतो आणि पलीकडची कडा पकडतो. असा झोका घेऊन गेल्यावर त्याच वाटेने परतणे अवघड होते. तसेच, पुढे झुकलेल्या कातळावरून खाली सोडलेला दोर हवेत लोंबतो. उतरणाऱ्याचे पाय भिंतीला लागतच नाहीत. म्हणून माघारीचा विचार झोक्यापूर्वी, झुकाव ओलांडण्यापूर्वी करावा लागतो. उरलेले पाणी किती, आकाश कसे आहे, आणि सोबत्याची खरी अवस्था काय, हे तीन प्रश्न तेथे थांबून विचारायचे असतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डोळ्यांना दिसतात. तिसऱ्याचे उत्तर फक्त सोबतीच देऊ शकतो, आणि ते खरे मिळण्यासाठी खरे सांगणाऱ्याला हसू नये, ही पहिली अट आहे.

ज्याच्या हातांना पेटके येतात आणि जो ते सांगत नाही, तो दोराचा सर्वांत धोक्याचा भाग असतो. आघाडीचा गडी वर जे धाडस करतो, ते खालचा हात आपल्याला अडवील या समजुतीवर करतो. ती समजूत खोटी असताना चढत राहणे म्हणजे दोराशिवाय चढणे होय; फरक इतकाच की चढणाऱ्याला ते माहीत नसते.

सत्तावीस दिवस

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये हार्डिंग पुन्हा एल कॅपिटनवर आला. या वेळी त्याच्याबरोबर डीन कॉल्डवेल हा एकच सोबती होता, आणि वाट होती पहाटेचे ऊन प्रथम झेलणाऱ्या पूर्वेकडील भिंतीवरची. तेथे भेगा फार थोड्या. छिद्रे पाडून पुढे सरकण्यात दिवसामागून दिवस गेले. पावसाने त्यांना झोळ्यांतच अडकवून ठेवले, पांघरुणे भिजली, शिधा पुरवून पुरवून खावा लागला. त्यांची सुटका करण्यासाठी माथ्यावर माणसे आणि दोर नेण्यात आले. दोघांनीही सुटका नाकारली! अखेर सत्तावीस दिवसांनी, १८ नोव्हेंबरला ते आपल्या पायांनी माथ्यावर आले.

येथे माघार न घेणे योग्य ठरले, कारण निर्णय दोघांचा होता आणि आपापली अवस्था दोघांना ठाऊक होती. बाहेरून पाहणाऱ्यांना ते मरणाच्या दारी बसले आहेत असे वाटत होते. दोराच्या दोन्ही टोकांना तसे वाटत नव्हते. म्हणजे बाहेरच्यांनी 'वर जा' म्हणणे जितके व्यर्थ, तितकेच 'खाली या' म्हणणेही.

या चढाईत सुमारे तीनशे छिद्रे पाडली गेली म्हणून रॉबिन्स संतापला. १९७१ साली डॉन लॉरिया याला घेऊन तो त्याच वाटेवर गेला, तो ठोकलेले बोल्ट काढून टाकण्याच्या निश्चयाने. काही बोल्ट त्याने काढलेही. पण वर जाता जाता ही चढाई आपण समजत होतो त्यापेक्षा फार अवघड आणि उच्च प्रतीची आहे हे त्याच्या ध्यानी आले, आणि त्याने तोडण्याचे काम थांबवले. खाली उभे राहून दिलेला निकाल वर गेल्यावर बदलला. मंडळाच्या वहीत नोंदी लिहिणाऱ्यांनी ही हकिकत अवश्य लक्षात ठेवावी.

थांबलेला सोबती

अखेरचे उदाहरण अलीकडचे आहे. त्याच पहाटेच्या भिंतीवर टॉमी कॉल्डवेल (डीन कॉल्डवेलशी त्याचा संबंध केवळ आडनावाच्या साम्याचा) या आरोहकाने मेखांना न लोंबकळता, केवळ हातापायांच्या बळावर चढण्याचा ध्यास घेतला. दोर फक्त पडल्यास अडवण्यासाठी. २००१ साली करवतीच्या अपघातात त्याच्या डाव्या तर्जनीचा भाग तुटला होता, हे सांगितले म्हणजे त्या ध्यासाची कल्पना येईल. २००९ मध्ये केव्हिन जॉर्जसन हा त्याचा सोबती झाला. २०१० साली वादळाने त्यांना परतवले. २०११ मध्ये जॉर्जसनचा घोटा दुखावला. दर वेळी ते उतरले आणि दर वेळी पुन्हा आले.

२७ डिसेंबर २०१४ रोजी त्यांनी पुन्हा आरंभ केला. भिंतीला टांगलेल्या झुलत्या खाटांवर त्यांचा संसार होता. पंधरावा टप्पा आडवा आहे. तेथील पकडी पात्याच्या धारेसारख्या बारीक. कॉल्डवेलने तो पार केला. जॉर्जसन मात्र पुनःपुन्हा पडत राहिला. बोटांची कातडी फाटली, ती भरून येण्यासाठी त्याला दिवसच्या दिवस थांबावे लागले. इकडे कॉल्डवेल पुढचे अवघड टप्पे ओलांडून विसाव्या टप्प्यापर्यंत पोहोचला. तेथून पुढची चढाई तुलनेने सोपी होती. महिना जानेवारीचा, हवा केव्हा फिरेल याचा भरवसा नाही. आयुष्याची कित्येक वर्षे ज्यासाठी घातली ते एकट्याने पुरे करणे त्याला शक्य होते. तो थांबला. जॉर्जसनचा दोर धरण्यासाठी तो परत खाली आला. अखेर जॉर्जसनने पंधरावा टप्पा पार केला, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी, एकोणिसाव्या दिवशी, दोघे मिळून माथ्यावर गेले.

कॉल्डवेल ज्या दिवशी खाली आला, त्या दिवशी जर कोणी वही उघडून नोंद केली असती, तर तीही 'माथा गाठता आला नाही' अशीच झाली असती.

समारोप

मित्रहो, मी स्वतः मोठा आरोहक नाही. त्या दिवशी पायथ्याशी बसलेल्या चौघांपैकी मी एक होतो, आणि कँटीनमध्ये हसलेल्यांतही होतो. म्हणूनच हे लिहिणे मला आवश्यक वाटले. आपल्या मंडळातील दोघा मित्रांनी सुळक्यावर जे केले ते मोठ्या भिंतीवरच्या चढायांच्या मानाने अगदी लहान आहे, हे मी जाणतो. तीन हजार फुटांपुढे चाळीस फूट ते काय! पण दोराचा नियम लांबीवर अवलंबून नसतो. खालच्याने खरे सांगितले, वरच्याने ते ऐकले, आणि दोर दोघांचाही राहिला. याखेरीज प्रस्तरारोहणात शिकण्यासारखे आणखी काही असेल, तर ते या पहिल्या धड्यानंतरचे आहे.

सूर्याजीची गोष्ट आपण विसरू नये. तिची जागा मात्र ओळखावी. डोंगर हा शत्रू नव्हे आणि तो पळूनही जात नाही. आपला सुळका पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असेल.

मंडळाच्या कार्यवाहांना माझी एक नम्र सूचना आहे. वहीतील ती नोंद खोडू नये, कारण ती खोटी नाही. तिच्यापुढे फक्त एक वाक्य जोडावे : "दोघेही सुखरूप परत आले आणि पुन्हा एकाच दोरावर जाण्यास तयार आहेत." हे वाक्य लिहिण्यापूर्वी मी त्या दोघांना विचारले आहे. दोघांनीही होकार दिला आहे.